सर्रास आडनाव

गवारीची शेंग मोडता मोडता आनंदीचे हात थांबले. समोर लॅपटॉपच्या पडद्यावर तिचा धाकटा भाऊ हसत होता.

“निव्वळ योगायोग,” देवेंद्र इंग्रजीत सांगत होता. “मी शोधत होतो भलतंच काहीतरी. जुन्या दप्तरातली दुसरीच पेटी चुकून हाती आली आणि तिच्यात या मुली निघाल्या. नाहीतर माझा त्यांच्याशी काय संबंध? माझ्या घरात कोणी गिरणीची पायरीसुद्धा चढलेलं नव्हतं.”

आनंदीने शेंग मोडली. मग दुसरी. तिसरीची शीर न काढताच तिने तुकडे परातीत टाकले.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने अमेरिकेच्या इतिहासावर ऑनलाइन व्याख्यानमाला चालवली होती. नाव नोंदवलं की जगाच्या पाठीवर कुठूनही, फुकट ऐकता येत असे. तिथे शनिवारची सकाळ होती, इथे कुवेतच्या अब्बासिया भागात संध्याकाळ. चौथ्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये आनंदीबरोबर राहणाऱ्या तेजस्वीने ती मालिका हुडकून काढली होती. तेजस्वी आनंदीच्याच हॉस्पिटलात लॅबमध्ये होती. ‘माझा भाऊ तिकडे प्रोफेसर आहे’ हे आनंदीकडून तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याचं नाव दिसताच तिने स्वतःच्या उत्साहाने नोंदणी करून टाकली. आनंदीने देवेंद्रला कळवलं नाही. मागाहून फोन करून त्याला चकित करू, असं तिच्या मनात होतं.

विषय होता दोनशे वर्षांपूर्वीच्या कापडगिरण्यांचा. न्यू इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या मुली घरदार सोडून गिरणीत कामाला जायच्या, घंटेवर उठायच्या, एकेका खोलीत सहा-सहा जणी झोपायच्या आणि कमाई घरी पाठवायच्या. त्या कमाईवर कितीतरी जणींचे भाऊ कॉलेजात शिकले.

“भाऊ वकील झाले, धर्मगुरू झाले,” देवेंद्र म्हणाला. “इतिहासाने त्यांची नावं लिहून ठेवली. बहिणींचा त्याग मात्र कोणी नोंदवला नाही.” बोलता बोलता त्याचा आवाज जरासा कापला. तेजस्वीने डोळे पुसले आणि आनंदीचा दंड धरला.

“ताई, आता तुमचंच नाव घेतील बघा.”

त्याने नाव घेतलं नाही. त्याने पुढची स्लाइड लावली.

आनंदी कुवेतला आली तेव्हा चोवीस वर्षांची स्टाफ नर्स होती आणि देवेंद्र बारावीला होता. पुण्यातली त्याची खोली, तिकडच्या विद्यापीठाची पहिल्या वर्षाची फी, विमानाचं तिकीट, एवढंच काय, त्याचा थंडीचा कोटसुद्धा तिच्या ड्यूट्यांतून आला होता. गावी, लांज्यात मात्र ‘मुलगा स्कॉलरशिपवर गेला’ असंच सांगितलं गेलं. वडील पारावर तसं सांगायचे आणि आनंदीने कधी ते खोडून काढलं नाही. तिच्या लग्नाचं बोलणं आधी दर सुट्टीत निघायचं, मग एक सुट्टी सोडून, मग निघेनासं झालं. आईवडील गेले. एवढ्या वर्षांत तिला कोणाकडून काही नको होतं. पण हा माणूस परक्या देशातल्या, मरून माती झालेल्या पोरींसाठी गहिवरत होता आणि त्यांचा आपल्याशी काय संबंध, असं विचारत होता.

“प्रश्न कुठे लिहायचा?” तिने विचारलं.

तेजस्वीने जागा दाखवली. आनंदीने गवारीचे हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं : त्या भावांनी पुढे आपल्या बहिणींबद्दल कुठे काही सांगितलं का? तेजस्वीचंच नाव पडद्यावर होतं, म्हणून खाली तिने स्वतःचं नाव घातलं. आनंदी साळवी, कुवेत.

सूत्रसंचालन करणाऱ्या म्हाताऱ्या ग्रंथपालबाईंनी दोन प्रश्न घेतले आणि मग हा वाचला. शेवटी त्यांनी चष्मा वर सारला.

“साळवी! प्रोफेसर, तुमच्या नात्यातल्या की काय?”

देवेंद्रचा चेहरा पडद्यावर गोठल्यासारखा झाला. तेजस्वीला वाटलं नेटच अडकलं. मग तो हसला.

“आमच्याकडे कोकणात हे सर्रास आडनाव आहे,” तो म्हणाला. “पण प्रश्न छान आहे. धन्यवाद, आनंदी. दुर्दैवाने भावांनी फारसं काही लिहून ठेवलेलं नाही. या मौनाचं कारण आपल्याला माहीत नाही.”

तेजस्वीने लॅपटॉपचा आवाज कमी केला.

“ताई,” तेजस्वी म्हणाली, “कदाचित त्यांनी नीट वाचलं नसेल.”

“बाईंनी मोठ्याने वाचलं की.”

आनंदी परात उचलून स्वयंपाकघरात गेली. तिने तेल तापवलं, मोहरी टाकली आणि ती तिथेच उभी राहिली. जळकट वास बाहेर आला तेव्हा तेजस्वीने येऊन गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत आनंदीचा फोन वाजत होता. आनंदीने जाऊन तो पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे इथल्या आठवड्याची सुरुवात. वॉर्डात नव्या आलेल्या नर्सने एका पेशंटची सलाईनची सुई नीट चिकटवली नव्हती. एरवी आनंदीने ती स्वतः ठीक करून दिली असती. आज ती अशी बोलली, की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. नवी नर्स रडवेली झाली. आनंदी तिच्याकडे पाहून दुसऱ्या पेशंटकडे वळली. एप्रनच्या खिशात फोन थरथरत होता.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या बसमधून उतरल्यावर ती घरी गेली नाही. तेजस्वीसमोर तिला हे बोलायचं नव्हतं. इमारतीच्या खाली सर्फराजचं शिवणकामाचं दुकान होतं. युनिफॉर्म उसवले की ती त्याच्याकडेच टाकायची. दुकानाच्या सावलीत उभी राहून तिने फोन लावला. देवेंद्रने पहिल्याच रिंगला उचलला.

“ताई—”

“कुठल्या साळवीला शोधताय, प्रोफेसर? सर्रास आडनाव आहे.”

“ताई, ऐक ना. मी गोंधळलो. तू तिथे असशील असं ध्यानीमनी नव्हतं.”

“म्हणून बहीण नाकारलीस?”

“रेकॉर्डिंग चालू होतं. सगळं बोलून झालं होतं माझं. त्यानंतर हो म्हणालो असतो तर लोकांनी विचारलं असतं, की मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत.”

“विचारू दे की. मलाही तेच विचारायचंय.”

रस्त्यावरून एक बस हॉर्न वाजवत गेली.

“ती पेटी चुकून हाती आली नव्हती,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “मी मागवून घेतली होती. भावांना शिकवणाऱ्या बहिणी, असंच शोधत होतो. पण ते कोणाला सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं. इकडे सगळ्यांना मी स्कॉलरशिपवर आलो असंच माहीत आहे. स्मिताच्या घरीसुद्धा.”

स्मिता त्याची बायको. आनंदी त्यांच्या लग्नात हौसेने मिरवली होती.

“म्हणजे तुला ठाऊक होतं,” आनंदी म्हणाली. “तुला ठाऊक नसतं तर मी समजून घेतलं असतं, देवा. ठाऊक असून तू त्या पोरींना पुढे केलंस. त्या मेलेल्या आहेत. त्या फोन करून विचारत नाहीत.”

“तू म्हणतेस ते बरोबर आहे.”

“बरोबर आहे म्हणू नकोस. विद्यार्थ्याला म्हणतोस तसं.”

आत शिलाईचं मशीन थांबलं. सर्फराजने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

“पुढच्या शनिवारी दुसरा भाग आहे,” देवेंद्र म्हणाला. “मी सुरुवातीलाच सांगणार आहे, सगळ्यांसमोर. रात्री बसून लिहून काढलंय. वाचून दाखवू?”

तिच्या उत्तराची वाट न पाहता तो वाचू लागला.

“माझी बहीण चोवीस वर्षांची होती. माझ्या शिक्षणासाठी तिने घर सोडलं. विमानतळावर आईच्या गळ्यात पडून ती रडली आणि वाळवंटात निघून गेली. तिने स्वतःचा संसार मांडला नाही. आज मी तुमच्यापुढे उभा आहे तो तिच्या त्यागामुळे—”

कालपर्यंत हे शब्द कानी पडले असते तर तिने जगाला माफ केलं असतं. आता ती ऐकत राहिली, आणि राग ओसरायचा सोडून मानेवरून वर चढू लागला.

“आई विमानतळावर आली नव्हती,” ती म्हणाली.

“काय?”

“लांज्याच्या स्टँडवरूनच परत फिरली ती. विमानतळावर मी एकटी होते. आणि मी रडले नाही.”

“पण आई तर नेहमी सांगायची...”

“आई सांगायची. बाबा पारावर सांगायचे. तू व्याख्यानाला आलेल्या चारशे लोकांना सांगणार. मला विचारलंस?”

ती रडली नव्हती. ती भराभर चालत होती, मागून कोणी हाक मारील म्हणून. मुंबईला नोकरी करत नर्सेसच्या हॉस्टेलात राहत असताना तिने कुवेतचा फॉर्म भरला, तेव्हा घरी राजापूरच्या एका स्थळाशी बोलणं जवळजवळ ठरलं होतं. मुलगा वाईट नव्हता. घर मोठं होतं, माणसं बरीच होती आणि नोकरी सोडावी लागणार होती. व्हिसा आल्यावर काय सांगायचं, याचा विचार करत ती एसटीने घरी गेली. वडिलांनी अंगणातच, देवेंद्रच्या शिकण्याचं कसं व्हायचं, असा विषय काढला. आनंदी म्हणाली, मी बघते. एवढं पुरलं. त्यानंतर तिला कोणी अडवलं नाही. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात अर्धी खोली, एक खाट आणि कपाटाची किल्ली तिच्या वाट्याला आली. ती किल्ली ती झोपतानाही मुठीत धरायची. पुढे भावासाठी काढलेली वर्षंही खरी होती, त्यातला थकवाही खरा होता. पण सुरुवात तशी नव्हती. आणि ते त्याग त्याग म्हणत राहिले तेव्हा तिनेही त्यांना म्हणू दिलं, कारण दुसरं काही सांगून घरी पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं.

“देवा,” तिने विचारलं, “त्या गिरणीतल्या पोरी भावांसाठी गेल्या, हे तुला कशावरून कळलं?”

“पत्रांवरून. त्यांनी घरी लिहिलेल्या.”

“घरी लिहिलेल्या पत्रात पोरगी दुसरं काय लिहिणार?”

पलीकडे खुर्ची करकरली. तो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा सभेतला आवाज नाहीसा झाला होता. दप्तर हरवून आलेला शाळकरी देवा असा बोलायचा.

“ताई, मग तू का गेलीस?”

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आईने नाही, वडिलांनी नाही, वर्षानुवर्षं एका खोलीत राहिलेल्या बायकांनीही नाही. सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं. आणि विचारलं कोणी, तर यानेच, इतक्या उशिरा, तेही अडचणीत आल्यावर. तिला फोन आपटावासा वाटला. ती दुकानाच्या दाराला टेकली. सर्फराजने दारातलं प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवलं आणि तो आत गेला.

आनंदी बसली.

“मला जायचं होतं,” ती म्हणाली. “फॉर्म भरला तेव्हा तुझं नावसुद्धा माझ्या डोक्यात नव्हतं. घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. तिथे तू उपयोगी पडलास.”

तो हसला नाही, रागावलाही नाही. फोनमधून बारीक टकटक ऐकू येऊ लागली. आनंदीने कान देऊन ऐकलं.

“टाइप करतोयस?”

“नुसतं टिपून ठेवत होतो, ताई. तुझेच शब्द असावेत म्हणून.”

“लिहू नकोस,” ती म्हणाली. “नुसतं ऐक.”

टकटक थांबली.