डब्यातल्या ब्रशाचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे आणि पक्का जळकुकडा आहे. आधीच सांगून टाकतो, मागाहून नावं ठेवू नका.

माझा दांडा बांबूचा, केस मऊ, टोक सुईसारखं. पहिल्या दिवसापासून मी एकाच बाईंच्या हातात वाढलो. बाई मातीच्या लाद्या करतात. माती लाटायची, सुरीने चौकोन कापायचे, वाळवायचे, भट्टीत एकदा भाजायचे, की मग माझी पाळी. बाई माझ्याकडून एका दमात अख्खा मासा काढून घेत. शेपटीपर्यंत हात उचलायचा नाही! बघणारे म्हणत, "काय रेघ आहे!" रेघ बाईंची, पण फुगायचो मी.

मग एक वर्ष असं आलं की बाई मला उचलत आणि लगेच ठेवून देत. एकदा तर धुवायच्याही विसरल्या. मी डब्यात डोक्यावर उभा राहिलो, माझे केस वाकले. त्याच आठवड्यात त्यांची लेक एक चपटी पेटी घेऊन आली.

"आई, हे मातीवर काढायचे खडू. भट्टीत भाजले की रंग पक्का होतो. वापरून तर बघ."

पेटीत बारा खडू, कापसावर लोळत पडलेले. जाडजूड नुसते, टोकाचा पत्ता नाही! बाईंनी निळा खडू मुठीत धरून लादीवर खरखर ओढला, बोटाने पसरवला. "अगं बाई, किती छान उठतोय गं!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कधी म्हणाल्या होत्या का असं?

नव्याचे नऊ दिवस, असं म्हणत मी दिवस मोजले. दहाव्या दिवशीही खडूच. मग तो निळा पडावा, मोडावा, असं मी मनात घोकू लागलो. आणि खरंच, तो पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाई म्हणाल्या, "बरंच झालं, आता आडवा धरून पाणी रंगवता येईल." म्हणजे मोडला तरी कौतुक त्याचंच!

शाळेच्या भिंतीसाठी नऊ लाद्यांचं काम वर्षभर रखडलं होतं. मुख्याध्यापिकांनी शेवटची तारीख दिली होती, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार. खडूंनी नऊही मासे चार दिवसांत उतरले. आता वर ग्लेझ लावायचं होतं, म्हणजे भाजल्यावर काचेसारखी चकाकी येते तो लेप. बाई बाहेर गेल्या होत्या. लेकीने घाईघाईत मलाच धुतलं, ग्लेझमध्ये बुडवलं आणि पहिल्या लादीवर फिरवलं. माझ्याखाली निळी शेपटी ओघळली. खरं सांगू? मी मुद्दाम जरा जास्तच टेकलो.

"अगं, थांब!" बाई परतून दारात आल्या होत्या. "खडू नुसता पावडरीसारखा वर बसलेला असतो. आधी भट्टीत पक्का होऊ दे, मग ग्लेझ."

"आई, मी सगळी वाट लावली गं."

"एकच गेलीये. आठ आहेत अजून."

बाईंनी ती लादी स्पंजने पुसली, वाळायला ठेवली. मग मला निळ्या रंगात बुडवलं आणि टेकवलं. बऱ्याच दिवसांनी मी त्या बोटांत होतो, आणि ती बोटं थरथरत होती. रेघ वाकडीतिकडी गेली.

"बघितलंस?" बाई हळूच म्हणाल्या. "खडू मुठीत मावतो, म्हणून निभावतं. याला धरलं की हात साथ देत नाही. आयुष्यभर यानं माझी रेघ सांभाळली गं. आता याच्यासमोर लाज वाटते मला."

मी माझ्या वाकड्या केसांना दोष देत होतो, त्या निळ्याला शिव्या घालत होतो. त्या हाताकडे मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

बाईंनी ती लादी पुन्हा पुसली आणि मासा खडूनेच काढला. नऊही लाद्या भट्टीत जाऊन आल्या. मग लेकीने मला धरलं, तिच्या हातावर बाईंनी आपला हात ठेवला आणि आम्ही तिघांनी ग्लेझ लावलं. शेपटीवरून मी इतका हलका गेलो, की निळ्यालाही कळलं नसेल. पुन्हा एकदा भाजून लाद्या वेळेवर शाळेत पोहोचल्या.

मित्रांनो, ब्रश वापरून झाला की धुवा, आडवा ठेवा, डोक्यावर उभा करू नका. आणि कुणी तुम्हाला उचलून पुन्हा खाली ठेवलं, तर जळायच्या आधी त्याचा हात बघा.

निळ्याशी मी अजून बोलत नाही. पण तो मेजाच्या कडेला घरंगळू लागला की मी दांडा आडवा घालतो. बाईंना तो लागतो.