दोन कॉलेजांना जाणारा डबा

मी एक जुना डबा आहे, पण शाळेत नेतात तसला चिमुकला नव्हे. अमेरिकेत केंटकीच्या डोंगरांतल्या कोळशाच्या खाणीत जाणारा, ॲल्युमिनियमचा, बादलीएवढा डबा. मला तीन मजले आहेत. तळाला पिण्याचं पाणी, मध्ये मक्याचा पाव आणि उकडलेला घेवडा, सगळ्यात वर सफरचंदाची तळलेली करंजी. एका साच्यातून माझे कितीतरी भाऊ निघाले. ते कुठे गेले, देव जाणे. मी एस्टिल स्लोन नावाच्या खाणकामगाराच्या हाती पडलो आणि खाणीत उतरलो.

मित्रांनो, डोंगराच्या पोटात जाऊन आलेला डबा थोडा तोऱ्यात बोलणारच, तेवढं चालवून घ्या. खाली अंधारात एस्टिल माझ्यातलं पाणी प्यायचा तेव्हा मी स्वतःला फार मोठा समजायचो. आमच्याकडे एक रीत होती. मालकानं अन्याय केला की आरडाओरडा करायचा नाही. एखादा जुना कामगार मुकाट्यानं आपल्या डब्यातलं पाणी जमिनीवर ओतायचा. ते बघून दुसरा ओतायचा, मग तिसरा. पाण्याशिवाय खाणीत कुणी उतरत नाही, त्यामुळे सगळे घरी चालू लागायचे. पाणी ओतलं म्हणजे काम सोडलं, असा त्याचा अर्थ.

पुढे एस्टिलची छाती कोळशाच्या धुळीनं भरली. तो खुर्चीत बसला, नाकाला प्राणवायूची नळी लागली, आणि मी मागच्या खोपटात खिळ्याला लटकलो. गांधीलमाश्यांनी माझ्या झाकणात पोळं केलं. ज्याचं एकेकाळी कौतुक होतं त्याला असं लटकणं फार लागतं, मित्रांनो.

मला खाली काढलं ते एस्टिलच्या मुलीनं, लीथानं. तिनं मला राखेनं घासलं आणि कॉलेजात नेते म्हणाली. एस्टिल खुर्चीतून हसला. “खाणीचा डबा घेऊन जातेस? पोरं टिंगल करतील.”

“करू देत,” लीथा म्हणाली. “करंजी बघितली की येतील शेजारी बसायला.”

लीथाला शिकायचं होतं ते श्वास अडकलेल्या माणसांना यंत्रांनी श्वास कसा द्यायचा, हे. का, ते तुम्हाला सांगायला नको. पण खालच्या गावातल्या तिच्या कॉलेजात त्यातले निम्मेच विषय होते. उरलेले डोंगरापलीकडच्या कॉलेजात. म्हणून ती दोन्हीकडे जायची, आणि तिच्याबरोबर मीही. घाटाच्या वळणावळणावर माझं झाकण खडखडायचं. कॉलेज म्हणजे काय चीज असते! एका खोलीत माणसाचं फुप्फुस टेबलावर उघडून ठेवलेलं मी पाहिलं. ते मातीचं होतं म्हणे, पण मी थक्क झालो. ज्याच्यासाठी मी जन्मभर पाणी वाहिलं, त्याच्या आत असं झाडासारखं काहीतरी आहे, याचा मला पत्ताच नव्हता.

अडचण होती ती फीची. सरकारी मदत खालच्या गावातल्या कॉलेजातून मिळायची. पण मदत मिळते ती किती विषय शिकता त्या मापानं, आणि तिथे दिसायचे फक्त तिथले विषय. म्हणून मदत निम्मी. पलीकडच्या कॉलेजचं नाव तिनं तिथे काढलंच नव्हतं, कारण एस्टिलनं बजावून ठेवलं होतं. “एका खाणीत नाव असताना दुसरीकडे पाळी केली की दोन्हीकडून हाकलतात. मालक सगळे सारखेच, पोरी. तोंड उघडू नकोस.”

मग पलीकडच्या कॉलेजनं कळवलं, शुक्रवारपर्यंत फी भरा, नाहीतर नाव काढून टाकू.

लीथा आपल्या कॉलेजच्या कचेरीत गेली. मदतीचं काम बघणाऱ्या ओमा मॅगार्ड टेबलामागे होत्या. आणखी काही विचारायचं आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. लीथानं दोनदा नाही म्हणून मान हलवली, बाहेर पायरीवर आली, माझं झाकण काढलं आणि सगळं पाणी जमिनीवर ओतलं. संपलं, मी म्हटलं, पोरीनं सोडलं.

ओमाबाईंनी खिडकीतून पाहिलं. त्याही खाणकामगाराच्याच लेक होत्या. अंगात कोट न घालताच त्या बाहेर आल्या.

“कुणाच्या अन्यायावर ओतलंस गं हे?”

“कुणाच्याच नाही, बाई. जमत नाही, एवढंच.”

“आपली माणसं मुकाट्यानं पाणी ओतायची, कारण त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतं. मी रोज इथे कशाला बसते मग? बोल.”

लीथा रडत रडत बोलली. दोन कॉलेजांत शिकते, कुणाला फसवायचं नव्हतं, सगळंच. “वेडे, तू फसवलंस ते स्वतःलाच,” ओमाबाई म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. दोन ठिकाणांहून मदत घेता येत नाही हे खरं, ती एकाच ठिकाणाहून घ्यायची. पण दोन्ही कॉलेजांनी आपसांत करार केला की पलीकडचे विषयही इथे मोजतात. दोन निम्मे मिळून पूर्ण होतं, आणि मदतही पूर्ण.

बास्केटबॉलच्या दिवसांत ही दोन कॉलेजं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तरी ओमाबाईंनी फोन उचलला, आणि शुक्रवारच्या आत पलीकडून होकार आला. मदत येईपर्यंत फीसाठी थांबू, असंही ते म्हणाले. मित्रांनो, सुरुंगानं डोंगर हलताना मी पाहिला आहे. पण एक पोर खरं बोलली म्हणून दोन कॉलेजं हलली, हे पाहून मला जे वाटलं ते डोंगर हलतानाही वाटलं नव्हतं.

घरी एस्टिलला खरं वाटेना.

“तू सांगितलंस? दोन्हीकडे?”

“हो, बाबा.”

“आणि हाकललं नाही?”

“उलट बेरीज केली.”

एस्टिलनं नाकावरची नळी सरळ केली. छाती गेलेल्या कामगारांना भरपाई मिळते. एस्टिलचा अर्ज मात्र कामाची वर्षं कमी पडतात म्हणून केव्हाच परत आला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. का कमी पडतात, ते फक्त त्याला आणि मला.

“लीथा,” तो म्हणाला, “माझीही एक दुसरी खाण होती. मी कधी कुणाला सांगितली नाही. तिथली वर्षं अर्जातही लिहिली नाहीत.”

लीथा त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. सांगायला त्याला फार वेळ लागला, मध्ये मध्ये श्वासासाठी थांबावं लागत होतं. तिनं एकदाही त्याचं बोलणं तोडलं नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवा, आम्हाला बरं वाटतं. पण आम्ही डबे, आम्हाला तोंड नाही. जुन्या माणसांना आहे. त्यांच्याजवळ जरा बसा.