गाडीत शिरण्याचं माप

गाडी घ्यायची ठरली तेव्हापासून आमच्या घरात कुणी कुणाशी सरळ बोललेलं मला आठवत नाही. थोरला म्हणे शोरूमची, धाकटा म्हणे ओळखीतली. आणि ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची, ते आतल्या खोलीत पाय लांब करून भिंतीकडे बघत पडलेले.

यांचा डावा गुडघा ऑपरेशननंतर वाकायचंच विसरला. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एक दिवसाआड इथे आणा, आत्ता हलवला तर हलेल, नाहीतर त्या पायाचा सोटा होऊन बसेल. आम्ही नेलं एकदाच. टॅक्सी दारात आली, दोन्ही मुलांनी काखेत हात घालून यांना उचललं आणि आत कोंबलं. नेमक्या तेव्हाच ब्लाऊज न्यायला आलेल्या बायका पायरीवर उभ्या. परत आल्यावर हे म्हणाले, "मी काय गाठोडं आहे? आता मला कुठे न्यायचं नाही." अख्खा जन्म कटिंगच्या टेबलाशी ताठ उभं राहून काढलेला माणूस. त्या दिवसापासून पुढच्या खोलीत, म्हणजे आमच्या शिवणाच्या दुकानातसुद्धा, यांनी पाऊल टाकलं नाही.

म्हणून घरची गाडी. दारात हवा तेवढा वेळ उभी राहील, टॅक्सीवाला हॉर्न वाजवून जीव खाणार नाही. नवी घ्यायची ऐपत नाही, तेव्हा जुनी. इथवर घरात एकमत होतं आणि ते तिथेच संपलं.

थोरला ऑफिसात बसतो, त्याला सगळ्यावर शिक्का लागतो. "आई, सर्टिफाइड गाडी आहे. तपासून दिलेली. वर्षभरात काही झालं तर ते बघतील, आपल्याला डोकं लावायला नको."

धाकटा टायरच्या दुकानात. तो म्हणाला, "तुला डोकं लावायला नकोच असतं. आई, तू शाळेतल्या बाईंची गाडी बघ. पहिल्यापासून एकच हात फिरलाय तिच्यावर. तिचे टायर मीच बदलत आलोय."

"तू टायरच बघितलेस. वरची गाडी कोण बघणार?"

"तुझा शिक्का बघेल की."

जेवताना हेच, झोपताना हेच. मी मशीनवर बसून ऐकायची आणि माझा दोरा तुटायचा. शेवटी म्हटलं, दोघं गप्प बसा, मीच जाते.

आधी शोरूम. सगळीकडे काच, आत गारठा, आणि गाड्या अशा पुसलेल्या की आपण चपला बाहेर काढायला हव्या होत्या असं वाटावं. एक टायवाला पोरगा पुढे आला. पहिल्या वाक्यात मला मॅडम म्हणाला, दुसऱ्या वाक्यात आई.

मी म्हटलं, "तुझी आई असते तर टाय तरी सरळ बांधून पाठवला असता. गाडी दाखव."

त्याने गाडी कमी आणि कागद जास्त दाखवला. इंजिन तपासलं, ब्रेक तपासला, दिवे, काचा, एसी. सगळीकडे बरोबरची खूण. मी विचारलं, "पाय न वाकणारा माणूस आत बसवून बघितलाय का?"

त्याने खरंच कागद उलटून बघितला. "तसं काही नाही यात."

"मग गाडी घरी पाठव. आमच्या यांना बसवून बघते."

"बुकिंगशिवाय गाडी बाहेर नाही जात, आई. तुम्ही पेशंटला इथे घेऊन या ना."

"कशात घालून आणू?"

तो मॅनेजरला बोलावून आला. मॅनेजरने तेच सांगितलं, फक्त जास्त हसून.

मग धाकट्याला घेऊन बाईंकडे. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. गाडीला कापडाचं झाकण, झाकणाला नाड्या, नाड्यांना गाठी. ते सोडायच्या आधी आम्हाला खुर्च्यांवर बसवून त्यांनी प्रश्न सुरू केले. गाडी कोण चालवणार? त्याने कधी कुठे ठोकली आहे का? गाडीत बसून खाणारं कुणी आहे का?

मी म्हटलं, "आम्ही गाडी घ्यायला आलोय की पेपर सोडवायला?"

धाकट्याने माझ्या पायावर पाय दिला.

"मला विकायची घाई नाही," बाई म्हणाल्या.

"आम्हाला आहे. एकदा आमच्या दारात आणून दाखवा. पेशंटला बसवून बघायचंय."

"मी दारोदार गाडी फिरवत नाही. ज्याला हवी, तो इथे येतो."

म्हणजे इथेही तेच. गाडीत बसता येतं का हे बघायला आधी गाडीत बसून यायचं. घरी आले तेव्हा माझं डोकं इस्त्रीइतकं तापलं होतं. थोरला दारातच, "काय झालं? काय झालं?" त्याला ओलांडून मी आत गेले आणि गळ्यातली टेप काढली.

"नीट टेकून बसा. पाय सरळ."

"काय शिवतेस?" यांनी विचारलं.

"गाडी."

पाठीपासून टाचेपर्यंत माप घेतलं. तेवढं घेऊन पुन्हा दोन्हीकडे गेले. शोरूमच्या गाडीत पुढची सीट पार मागे ढकलली तरी चार बोटं कमी पडली. टायवाला म्हणाला, "थोडं ॲडजस्ट होईल." मी म्हटलं, हाडात ॲडजस्ट नसतं. बाईंच्या गाडीत माप बसलं, वर दोन बोटं मोकळी. धाकटा अशा ऐटीत घरी आला जशी सीट त्यानेच बनवली होती. थोरला म्हणाला, "उद्या रस्त्यात बंद पडली तर तुझी टेप लावून ओढत आणू."

आता बाईंना दारात आणायचं कसं? त्यांच्या ब्लाऊजची बाही खांद्याशी ओढत होती, कुणीतरी वाटोळं केलं होतं. मी निघताना सहज म्हटलं, "ही बाही सुधारता येईल. दुकानात या मात्र, अंगावर बघावं लागेल." दोन दिवस वाट बघायला लावून आल्या. अर्थात गाडीने.

यांना मी सांगितलं, तुम्ही फक्त बसून बघा, जायचं कुठेच नाही. काठी टेकत, माझ्यावर उपकार करत हे बाहेर आले. धाकट्याने पुढचं दार उघडलं. थोरल्याने डावा पाय धरला. मी पाठ धरली. पाय आत गेला आणि माणूस बाहेर राहिला. पाय पुढे अडकलेला, पाठ वाकेना, डोकं टपाला लागलेलं. मान वाकवा, कंबर वळवा, उजवीकडे झुका, प्रत्येकाचा वेगळा हुकूम. माप बरोबर होतं हो. पण ब्लाऊज अंगावर कितीही नीट बसणारा असला, तरी तो अंगात चढायला हवा ना. हे मी रोज गिऱ्हाइकांना ऐकवते.

"माझ्या सीटवर टाच घासू नका," बाई पायरीवरून म्हणाल्या, एका बाहीला टाचण्या लावलेल्या.

"सोडा मला," हे ओरडले. "सोडा सगळे."

आम्ही सोडलं. यांनी पाय ओढून बाहेर काढला, लाल चेहऱ्याने घराकडे वळले, आणि दोन पावलांवर दम लागला. काठी झटापटीत खाली पडलेली, टेकायला काही नव्हतं. मागचं दार हाताशी होतं, ते उघडून पाठमोरेच सीटच्या कडेला धपकन बसले. बसून हाश्शहुश्श करत मागे सरकले, अजून सरकले. पाय मागोमाग आला, सरळचा सरळ. धाकट्याने पुढची सीट पुढे लोटली. पाय मधल्या जागेत लांब झाला.

रोज पायजमा घालताना दुखरा पाय आधी, असा आमच्या घराचा नियम झालेला. तोच आम्ही गाडीला लावला होता. गाडीत आधी बूड जायला हवं होतं.

"म्हणजे शोरूमचीही चालली असती," थोरला म्हणाला.

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो काठी उचलायला वाकला.

"आता उभे काय राहिलात?" हे आतून म्हणाले. "चला."

"कुठे?"

"कुठेही."

बाई गाडी दुसऱ्याच्या हातात देईनात. टाचण्यांसकट त्याच चालवायला बसल्या. मी पुढच्या सीटवर, गुडघे छातीशी. म्हटलं निघालोच आहोत तर गॅरेजच्या मिस्त्रीकडे घ्या, शिक्का नाही तर निदान आपला माणूस खालून बघेल. मुलं स्कूटरवर मागे, तिथेही भांडत.

मिस्त्रीने जॅक आणला आणि आत डोकावला. "काकांना उतरवा आधी. माणूस बसलेला असताना मी गाडी उचलत नाही."

मुलं धावली. यांनी हात वर करून दोघांना जागीच थांबवलं. दाराची कड धरली, बूड पुढे सरकवत आणलं, चांगला पाय जमिनीवर रोवला आणि उभे राहिले. कुणाचं बोटही न लागता. काठी घरीच राहिली होती, हे नंतर लक्षात आलं.

मिस्त्री गाडीखालून एकेक सांगू लागला. सायलेन्सर गंजलाय, पुढचा एक दांडा बदलावा लागेल. बाई खाली वाकून त्याच्याशी वाद घालू लागल्या. थोरला म्हणाला, "बघ, शिक्का असता तर." धाकटा म्हणाला, "एवढंच निघालं ना?" माझ्या कानात नुसता गलका.

"टेप दे," मागून हे म्हणाले.

गाडीला टेकून उभे होते. माझ्या गळ्यातून स्वतःच टेप काढून घेतली आणि मागच्या सीटला लावली.

"हे कापड धरून ठेवतं. सरकता येत नाही. साटीनचं कव्हर कापतो उद्या. टेबल आवरून ठेव, तुमचा पसारा असेल त्याच्यावर."

"अहो, गाडी अजून आपली झालेली नाही."

त्यांनी माप मनात धरत माझ्याकडे बघितलंही नाही. "मग इतके दिवस काय करत होतीस?"