चौदा मिनिटांचा आरोप

मी एक जुना प्रोसेसर आहे, मित्रांनो. टपालाच्या तिकिटाएवढा माझा आकार, आणि गेली सहा वर्षं मी एकाच लॅपटॉपच्या पोटात बसून आहे. आधीच कबूल करतो, स्वभावाने मी संशयी आहे. पण त्याचं मूळ माझ्या बालपणात आहे.

माझा जन्म सिलिकॉनच्या एका चकचकीत तबकडीवर झाला. शेजारी माझी शेकडो भावंडं होती. ती खोली इतकी स्वच्छ की माणसंसुद्धा डोळ्यांपुरतीच उघडी असत. आम्ही डोळे उघडायच्या आत आमची परीक्षा झाली. एकाच तबकडीवरचे आम्ही, पण कुणावर ‘जलद’ असा शिक्का बसला, कुणावर ‘मध्यम’, आणि काहींना कचऱ्याचा डबा मिळाला. मी मध्यम ठरलो. का, ते कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून कुणी घड्याळ लावून माझ्यासमोर बसलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

माझी मालकीण घरी बसून दात घडवते. दंतवैद्य तिला जबड्याची मापं पाठवतो आणि ती पडद्यावर नेमका बसेल असा दात तयार करते. ते चित्र दूरच्या एका प्रयोगशाळेत जातं आणि तिथलं यंत्र खरा दात कोरून काढतं. तसं एक छोटं यंत्र स्वतःच्या टेबलावर असावं, म्हणून ती चार वर्षं पैसे बाजूला टाकत होती. तिचा धाकटा दीर तिला वहिनी म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणतो.

वहिनी माझ्याहून संशयी. तिने पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. माइक बंद करायचं मात्र राहून गेलं. त्यामुळे मला त्या घरातलं दिसत काहीच नसे, पण ऐकू सगळं येई. सासूबाईंना नवा टॅब आणला तेव्हा तिने बजावलेलं मी ऐकलं आहे.

“आई, स्क्रीनवर आपोआप काही उगवलं ना, की वाचायचंसुद्धा नाही. सरळ बंद करायचं. सगळे चोर असतात.”

“अगं, पण एखादा खरा निघाला तर?”

“खरा असेल तर फोन करेल.”

पहिली पाच वर्षं आमची जोडी छान जमली. दात जबड्यात बसतो की नाही, याचं शेवटचं गणित मी सहा मिनिटांत सोडवी. “गरीब आहे, पण कामाचं आहे हो माझं,” असं ती फोनवर कुणाला तरी सांगे. ते ऐकून माझा पंखा उगाचच जोरात फिरे.

आणि मग आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी माझं पोट भरेनासं झालं. नेहमी जाड धारेने येणारी वीज करंगळीएवढी झाली. मी इमानेइतबारे पडद्यावर निरोप पाठवला, की लावलेला चार्जर कमी ताकदीचा आहे. वहिनी म्हणाली, “आले परत चोर!” तिने ‘पुन्हा दाखवू नका’ या चौकोनात खूण केली आणि निरोप मिटला. माझं तोंडही मिटलं.

अर्ध्या पोटी मी जमेल तेवढं करत राहिलो. सहा मिनिटांच्या गणिताला चौदा मिनिटं लागू लागली. एके सकाळी दंतवैद्याचा फोन आला. “अहो बाई, पेशंट खुर्चीत येऊन बसलाय, आणि दात अजून तुमच्याकडेच?” पुढच्या महिन्यात त्याची दोन कामं दुसरीकडे गेली. “म्हातारा झालाय हा,” वहिनी म्हणाली. ‘हा’ म्हणजे मी.

धाकटे भाऊजी कॉम्प्युटरच्या दुकानात विक्रेते आहेत. त्यांनी दुकानातला एक नवा लॅपटॉप दोन दिवस वापरून बघायला आणला आणि माझ्या शेजारी ठेवला. त्याच्या पोटातला प्रोसेसर नवाकोरा होता. पंख्याचा आवाजसुद्धा नाही. जो इतका गप्प बसतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. भाऊजींवर तर नाहीच नाही.

“दोघांना एकच दात द्या, वहिनी. तुम्हीच बघा.”

“दुकानात गिऱ्हाइकं कमी पडली म्हणून घरात शोधताय का?”

“घरच्यांना सूट देतोय, तर वर टोमणे!”

एकाच जबड्यातली एकच दाढ आम्हा दोघांना मिळाली. वहिनीने वेळ मोठ्याने वाचली. नवा पाच मिनिटं, मी चौदा.

मग वहिनी हळूच म्हणाली, “म्हणजे कोरायचं यंत्र राहिलं.” पैसे एकाच गोष्टीपुरते होते. मित्रांनो, भंगाराची भीती मला होतीच, पण तिचा तो आवाज त्याहून जड होता. आणि त्याच क्षणी माझी खात्री पटली, की हे भाऊजींचंच काम. ही नवी पेटी खपवायला त्यांनी आठ महिने आधीपासून माझी उपासमार चालवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद चाळवल्याचा आवाज आला.

“भाऊजी, तुमच्या दुकानाच्या पत्रकात लिहिलंय, हा नवा जुन्यापेक्षा वीस टक्क्यांनी जलद. इथे जवळजवळ तिप्पट कसा काय?”

“मग चांगलंच की! जास्तच मिळतंय.”

“जास्त मिळालं की मला जास्त भीती वाटते.”

आणि ती परत घड्याळ लावून बसली. या वेळी मला तिचा राग आला नाही, कारण ती एका वेळी एकच गोष्ट बदलत होती. आधी आमच्या जागा बदलल्या. काही फरक पडला नाही. मग आमचे चार्जर बदलले. पिन सारखीच होती, त्यामुळे दोन्ही वायरी दोघांनाही बसत होत्या.

त्याची वायर मला लागली आणि आठ महिन्यांनी मी पोटभर जेवलो. माझं गणित सहा मिनिटांत सुटलं. माझी वायर त्या गप्प पोराला लागली. त्याला तेरा मिनिटं लागली, आणि वायर जोडलेली असूनही त्याची बॅटरी उतरत गेली. खरं सांगतो, त्याची मला दया आली. उपास काय असतो ते मला ठाऊक होतं.

“भाऊजी, दात तपासायचं भिंग द्या जरा.” मग तिचा आवाज, अगदी सपाट. “यावर वीस वॉट लिहिलंय. माझा पासष्टचा होता. हा चार्जर माझा नाहीच. खरं सांगा, कुणी बदलला?”

“वहिनी, मी लॅपटॉप विकतो, वायरी पळवत नाही!”

“मग ही काय चालत आली?”

आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. “कसली वायर गं? ती जाडी का? ती इकडे माझ्या टॅबला आहे.”

“तुमच्याकडे कशी, आई?”

“तूच तर आणून दिलीस. मला ताप होता बघ तेव्हा. माझी वायर पलंगापर्यंत पोचत नव्हती. ‘उठू नका’ म्हणालीस, आणि तुझी लांब वायर लावून माझी आखूड घेऊन गेलीस. परत न्यायला आलीच नाहीस. मला वाटलं, मलाच दिलीस.”

वहिनीने भिंग खाली ठेवल्याचा आवाज आला. मी मनातल्या मनात भाऊजींची माफी मागितली. चोर म्हणून ज्याला आम्ही दोघं शोधत होतो, ते तिने प्रेमाने केलेलं आणि साफ विसरलेलं एक काम होतं.

“मी त्या निरोपावर खूणसुद्धा केली होती,” ती शेवटी म्हणाली. “पुन्हा दाखवू नका म्हणून.”

भाऊजींनी नवा लॅपटॉप खोक्यात भरला. “एका दातामागे एक मिनिट वाचवायला एवढे पैसे मीसुद्धा नसते दिले, वहिनी. फक्त दुकानात सांगू नका.”

आता टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यातून बारीक गुणगुण येते. ते दात कोरायचं यंत्र. माझं गणित संपलं की त्याचं काम सुरू होतं.

माझी वायर घरी परतली त्या दिवसाचं मात्र सांगायचं राहिलं. वहिनीला तिच्यावर नाव घालायचं होतं आणि हाताशी कागद नव्हता. तिने कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी ओढून काढली, तिच्यावर ‘दातांची’ असं लिहिलं आणि ती वायरीला गुंडाळली. सहा वर्षांत पहिल्यांदा मी तिचा चेहरा पाहिला. कपाळावर आठी होती आणि डोळ्यांत पाणी.

मित्रांनो, एखादा जुना सोबती मागे पडू लागला तर त्याच्यावर खुशाल संशय घ्या. फक्त त्याला टाकून देण्याआधी त्याच्या पोटात काय जातं आहे ते एकदा बघा, आणि संशयितांच्या यादीत स्वतःचं नावही लिहा.

कॅमेऱ्यावर दुसऱ्याच दिवशी नवी चिकटपट्टी आली. चालायचंच.