बाकावरची निरोगी माणसं
फायदा सरळ दिसत होता. उरणजवळच्या करंजा गावातल्या कोळणींचे डोळे पुन्हापुन्हा लाल होऊन सुजतात ते लेप्टोच्या जंतूमुळे, एवढं सिद्ध झालं की २००८ सालात विनिता पीएचडी मिळवून 'डॉक्टर' होणार होती आणि 'सून अजून शिकतेच आहे' हे सासूबाईंना चारचौघांत सांगावं लागणार नव्हतं.

त्यासाठी पनवेलच्या डोळ्यांच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत आजारी बायकांच्या रक्तात लेप्टोची प्रतिपिंडं सापडायला हवी होती, निरोगी माणसांच्या रक्तात नको होती. निरोगी माणसं शोधत कोण हिंडणार? पेशंटसोबत बाकावर कोणीतरी बसलेलं असायचंच. विनिताने त्यांचंच रक्त घेतलं.

"माजं कशाला? डोला हिचा बिगडलाय," डोळा सुजलेल्या ठमाबाईसोबत आलेली तिची थोरली जाऊ गंगाबाई तेव्हा कुरकुरली होती.

"दे गो जावबाय. एवढी वर्सां माजं पितेस, थोडं परत दे," ठमाबाई म्हणाली होती.

आज तपासणीत ठमाबाईचा नमुना पिवळा झाला, म्हणजे प्रतिपिंडं सापडली. गंगाबाईचाही झाला. एकाच अंगणात मासळी सुकवणाऱ्या जावा. जंतू दोघींना कधीतरी भेटून गेला होता. डोळा त्यानेच बिघडवला, असं यावरून म्हणता येईना.

"नातेवाईक वगळ," मार्गदर्शक शैलेश सर जांभई देत म्हणाले. "नवीन पनवेलच्या कॉलेजातली पोरं घे. एकही पिवळं निघणार नाही."

"मग फ्लॅटमध्ये राहिलं की डोळे चांगले राहतात, एवढंच सिद्ध होईल सर."

"तेवढ्यावर लोक प्रोफेसर झालेत, बाई."

विनिता इतकी दमली होती की 'हो' ओठांवर आलंच होतं. ते गिळून ती बाहेर बाकावर निकालाची वाट बघत बसलेल्या ठमाबाईकडे गेली.

"ठमाबाई, डोळ्याच्या आतलं थोडं पाणी डॉक्टर सुईने काढतील. चालेल?"

"त्यानं डोला बरा व्हईल?"

"नाही सांगता येत. कशाने बिघडला, ते कळेल कदाचित."

"बाय माजे, येवढी शिकलीस आन् खोटं बोलायला नाय शिकलीस?" ठमाबाई हसली आणि उठली.

तिचं बघून आणखी चौघी तयार झाल्या. पाचही जणींच्या डोळ्यांतल्या पाण्यात लेप्टोचा मागमूस नव्हता. कारण दुसरंच काहीतरी होतं. ते शोधायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यात शैलेश सरांचं काही गेलं नाही. विनिताचं वर्ष गेलं, ते तिनेच घालवलं होतं. गंगाबाईचं नळीभर रक्त गेलं. ठमाबाईने डोळ्यात सुई सोसली, आठवड्याचा बाजार बुडवला आणि तोच लाल डोळा घेऊन ती उरणच्या एसटीत चढली.