चौऱ्याण्णव टक्के

मेहुण्याला घरात सगळे मेजर म्हणत. सैन्याशी त्याचा संबंध एवढाच, की समोरच्याला शत्रू समजल्याशिवाय त्याला बोलता येत नसे. आज तो थेट शत्रूच्या गोटात येऊन बसला होता. म्हणजे बहिणीच्या घरी, तिच्या नवऱ्याच्या, अर्थात घरच्या जावयाच्या खुर्चीमागे, स्टुलावर.

संध्याकाळी सहाला हॉलमध्ये सासूबाईंच्या पंचाहत्तरीची फिल्म दाखवायची होती. जावयाने दीड महिना खपून ती जोडली होती आणि शेवटी ‘संकलन’ या शब्दाखाली स्वतःचं नाव टाकलं होतं. बारा वर्षं सासरी त्याची ओळख ‘कॉम्प्युटरवर काहीतरी करतात’ अशी करून दिली जात होती. ते काहीतरी म्हणजे काय, हे आज दीडशे नातेवाइकांना कळणार होतं.

“नाव जरा मोठंच झालंय तुमचं,” मेजर म्हणाला.

“तुमच्याएवढंच आहे, दादा. आणि तुमचं तीनदा आहे. निर्मिती, संकल्पना, विशेष आभार. स्वतःचेच आभार मानलेत तुम्ही.”

“दुसरं कोण मानणार?”

हे बाकी खरं होतं.

पडद्यावर एक्सपोर्टची, म्हणजे अंतिम फिल्म तयार होण्याची, निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

“यंत्र झोपलंय का तुमचं?”

“एकेक फ्रेम तयार करतंय. पन्नास मिनिटांच्या पंचाहत्तर हजार फ्रेम होतात.”

“तुमच्या हाताखाली राहून तेही सुस्तावलंय.”

सगळं मूळ चित्रण मेजरच्या डिस्कवर होतं. जावयाच्या मशीनवर ते उतरवायला त्याने साफ नकार दिला होता. “आमच्या घरचे व्हिडिओ उद्या कुठे फिरतील, काय नेम?” म्हणून डिस्क वायरने मशीनला जोडून तिच्यावरूनच कारभार चालला होता. जावयाकडे होत्या त्या फक्त हलक्या प्रती. मूळ चित्रण जड असतं, कापाकापी करताना अडखळतं. म्हणून छोट्या, धूसर प्रतींवर काम करायचं आणि शेवटी मूळ चित्रणावरून फिल्म काढायची, ही या धंद्याची रीत. अर्थात या प्रतींबद्दल मेजरला तो अवाक्षर बोलला नव्हता.

साडेचारला पट्टी चौऱ्याण्णव टक्क्यांवर आली. जावई घोटभर पाणी प्यायला आत गेला. परत येतो तो मेजर दाराशी उभा, डिस्क खिशात घालत.

“भरत आलीच की पट्टी. उरलंसुरलं करा तुमचं तुम्ही.”

पडद्यावर लाल चौकट उमटली होती: मूळ चित्रण सापडत नाही.

“दादा, एक्सपोर्ट बंद पडलं! आता पुन्हा शून्यापासून. चार तास!”

“सहा टक्क्यांसाठी चार तास? दूधखुळा समजता मला?”

“आत्तापर्यंत नव्हतो समजत.”

“फिल्म आली नाही, तर कोणामुळे ते मी माइकवरून सांगेन,” म्हणून मेजर डिस्कसकट निघून गेला.

हलक्या प्रतींवरून फिल्म काढायला वीस मिनिटं पुरेशी होती. जावयाने एक फ्रेम मोठी करून पाहिली. सासूबाई लोण्यात कोरल्यासारख्या दिसत होत्या. असल्या कामाखाली आपलं नाव? त्याने ते पुसलं, तिथे मेजरचं टाकलं आणि अक्षरं दुप्पट केली. इतका गोड सूड त्याने आयुष्यात घेतला नव्हता.

सहाला फिल्म सुरू झाली. पहिल्याच मिनिटाला मागच्या रांगेतून आत्या ओरडली, “अगं बाई, एक सुरकुती दिसेल तर शपथ!” मग मावश्या, मग काकवा. धूसरपणाने प्रत्येकीची पंधरा वर्षं खाल्ली होती. शेवटी ‘संकलन’ आलं आणि सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

मेजर क्षणभर गोंधळला. क्षणभरच. मग त्याने उठून चारी दिशांना नमस्कार केला.

“जावईबापू,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, “शिकून घ्या हो थोडं याच्याकडून.”

मेजरने उदार मनाने शेजारची खुर्ची पुढे ओढली.

“या, बसा. कसं केलं ते सांगतो.”