उटण्याच्या डबीवरचा चेहरा

लेबलावर काढायला त्रिविक्रमाला देवी सुचेना, म्हणून त्यानं बहिणीचं चित्र काढलं. चोपन्न साली कुंभकोणात जी डबी उचलावी तिच्यावर लक्ष्मी नाही तर सरस्वती; बसून बसून त्या बिचाऱ्याही कंटाळल्या असतील. छापखान्यात तो दिवसभर परक्यांची लेबलं काढायचा. हे तर घरचं, आईच्या हातच्या उटण्याचं. समोर धाकटी अलमेलू आवळकाठी निवडत बसली होती. वेणीत अबोली, नाकात चमकी. त्यानं ते सगळं कागदावर उतरवलं, तिला न विचारता. विचारलं असतं तर लाजून पळाली असती आणि चित्र राहूनच गेलं असतं.

"चित्र झकास," दुकानदार स्वामीनाथ म्हणाला. "पण बनवतं कोण, कुठं, आत काय, वजन किती, सगळं हवं. तपासनीस आला तर मी कुणाकडे बोट दाखवू?"

त्रिविक्रम कामाचा चोख. चेहऱ्याखाली त्यानं आईचं नाव, घराचा नंबर आणि गल्ली ठळक अक्षरांत घातली.

डब्या हातोहात खपल्या. अलमेलू स्वतः खळ लावून लेबलं चिकटवायची आणि म्हणायची, "अण्णा, माझें नाक येवढें सरळ कोठें आहे?" एक डबी तिनं स्वतःच्या पेटीत ठेवून दिली होती.

तिचं जवळच्या आडुतुरै गावचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. पत्रिका जुळली, मुलगी पाहून झाली. व्यंकोजीमामा फक्त तारीख आणायला गेले होते. ते परतले आणि त्रिविक्रमाला ओसरीच्या कोपऱ्यात घेऊन गेले.

"मुलाच्या काकानें बाजारांत डबी पाहिली. म्हणतो, मुलीचें तोंड वर, घराचा पत्ता खालीं. येणारा जाणारा हातांत धरून पाहतो. असली सून नको."

 नुसतं चित्र असतं तर कुणाचं कोण म्हणून खपलं असतं. नुसता पत्ता असता तर कुणी बघितलंही नसतं. दोन्ही त्रिविक्रमानंच एकत्र आणलं होतं, आणि वर आपल्या कामावर खूशही झाला होता.

"अलमेलूस पत्रिकेंत दोष निघाला, म्हणून सांगूं," तो म्हणाला. मामांनी मान डोलावली. खापर ग्रहांवर फोडलं की बरं असतं, ते भांडायला येत नाहीत.

 दुकानातल्या उरलेल्या डब्या त्यानं परत आणल्या आणि नवं लेबल काढलं. त्यावर चेहऱ्याच्या जागी नुसतं कमळ होतं. कमळाच्या खाली पत्ता असला तरी कुणाचं लग्न मोडत नाही.

अलमेलू खळीची वाटी घेऊन बसली. कमळाकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"पत्रिका तर आधींच जुळली होती, अण्णा," ती हळू म्हणाली. "खरें सांग. त्यांस मी आवडलें नाहीं. आतां तूंही मज काढून टाकलेंस. येवढी वाईट दिसतें काय मी?"

हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तिची लाज झाकायला म्हणून तो खोटं बोलला होता. खरं तर झाकली होती स्वतःचीच.

"नाहीं गो," तो म्हणाला. "तुज न विचारतां तुझें तोंड मीं बाजारांत ठेवलें. पत्त्यासकट. त्यांनीं डबी पाहिली म्हणून मोडलें. सगळें माझ्यामुळें."

तिनं आरडाओरडा करावा, वाटी फेकावी, असं त्याला मनापासून वाटलं. तिनं वाटी खाली ठेवली. मग डोळे पुसून म्हणाली,

"म्हणजे चित्र चांगलें आलें होतें ना?"

"फार चांगलें," तो म्हणाला. मान वर करून तिच्याकडे बघणं काही त्याला जमलं नाही.